स्वतः गाणारा आणि दुसऱ्यांसाठी लिहिणारा सोल सिंगर: हे करिअर चालतं कसं?

तुझा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू पुण्यात एका बँडमध्ये सोल गातेस (म्हणजे चर्चच्या गाण्यातून आणि ब्लूजमधून आलेलं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत), स्वतःची गाणी लिहितेस, त्यातलं एक गाणं एका म्युझिक प्रोड्यूसरला आवडलं आणि आता तो म्हणतोय की हे आपण एका नावाजलेल्या गायिकेकडून गाऊन घेऊ, तुला एकरकमी पैसे देतो. तुला भीती ही की एकदा गाणं दिलं की आपण कायमची "लिहिणारी" होऊन बसणार, गाणारी म्हणून कोणी विचारणार नाही. आणि ज्या सोल म्युझिकवर तू जीव टाकतेस त्यात असं करिअर कोणी केलंय का, हेही तू विचारलंयस.

केलंय, आणि भरपूर जणांनी. मी स्वतः इतकी वर्षं क्लबमध्ये गातेय, स्टुडिओत कोरस गातेय आणि माझी निम्म्याहून जास्त गाणी दुसऱ्यांच्या आवाजात निघालीयेत, त्यामुळे मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की गाणं बिनधास्त दे, पण लेखक म्हणून नाव आणि हिस्सा कोणालाही देऊ नको. तो एकरकमीवाला भाग मला अजिबात पटलेला नाही, त्याच्यावर नंतर येते. आधी विल्यम बेलबद्दल बोलू, कारण तुझ्या प्रश्नाचं याच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

विल्यम बेल मेम्फिसचा, जन्म 1939 चा. चर्चमध्ये गाऊन तयार झाला, शाळेत असताना डेल रिओज नावाचा ग्रुप, मग फिनियास न्यूबॉर्नच्या ऑर्केस्ट्राबरोबर क्लबमध्ये गाणं. त्या ऑर्केस्ट्राबरोबर न्यूयॉर्कला गेलेला असताना घरची आठवण यायला लागली आणि तिथे त्याने 'यू डोन्ट मिस युअर वॉटर' लिहिलं. ते 1961 मध्ये मेम्फिसच्याच स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीने काढलं. स्टॅक्स तेव्हा अगदी नवीन, मॅक्लेमोर अव्हेन्यूवरच्या एका बंद पडलेल्या थिएटरमध्ये स्टुडिओ थाटलेला, जमीन थिएटरसारखीच उतरती, आणि पुढे खाऊच्या स्टॉलच्या जागी एस्टेल अ‍ॅक्सटन बाईंचं रेकॉर्डचं दुकान. मोहल्ल्यातली पोरं तिथे गाणी ऐकायला यायची आणि बाई त्यांच्या चेहऱ्यांवरून ठरवायच्या काय चालेल काय नाही. बेलचं हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, रेडिओवाल्यांनीच रेकॉर्ड पलटून ते वाजवायला सुरुवात केली. देशभरात फार वर गेलं नाही, पण दक्षिणेत त्याचं नाव झालं.

आणि बरोबर याच वेळी त्याला सैन्यात बोलावणं आलं. तेव्हा अमेरिकेत सक्तीची भरती होती, नाही म्हणता यायचं नाही. पहिलं गाणं चालतंय आणि गायक बराकीत. त्याच सुमारास, 1962 मध्ये, जॉनी जेन्किन्स नावाच्या गिटारवाल्याची गाडी चालवत एक पोरगा स्टॅक्सच्या दारात आला आणि दिवसाच्या शेवटी उरलेल्या वेळात त्याला एक गाणं म्हणू दिलं. तो ओटिस रेडिंग. बेल परत आला तेव्हा कंपनीचा मुख्य आवाज ठरून गेलेला होता.

आता बघ, इथे माणूस कडवट होऊ शकला असता. आपल्याकडे मी पाहिलेत असे लोक, चांगले गाणारे, ज्यांचं एका वर्षाचं चुकलेलं टायमिंग त्यांनी आयुष्यभर उगाळलं. बेलने लिहायला घेतलं. 1965 मध्ये ओटिसने आपल्या अल्बमवर बेलचंच 'यू डोन्ट मिस युअर वॉटर' गायलं, आणि 1968 मध्ये बर्ड्स या रॉक बँडने तेच गाणं चक्क कंट्रीच्या ढंगात केलं. आपल्या जागी आलेला माणूस आपलंच गाणं गातोय, आणि त्याच्या प्रत्येक विकलेल्या रेकॉर्डवर आपलं नाव आहे. बेलने ओटिसशी वैर धरलं नाही, 1967 च्या डिसेंबरमध्ये विमान अपघातात ओटिस गेला तेव्हा त्याच्यासाठी श्रद्धांजलीचं गाणं लिहून गायलं ते बेलने.

पण ज्या गाण्याने बेलची पुढची पन्नास वर्षं सांभाळली ते वेगळंच. स्टॅक्सकडे अल्बर्ट किंग हा ब्लूजवाला आला होता. अंगाने भला मोठा, डावखुरा, गिटार उलटी धरून तारा ओढणारा. त्याच्यासाठी गाणं हवं होतं. बेलकडे एक कल्पना होती, थोडे शब्द आणि एक बेसची ओळ, त्या काळात राशी-ग्रहांचं वेड अमेरिकेत जोरात होतं त्यावरून सुचलेलं, वाईट ग्रहावर जन्मलेला माणूस. त्याने आणि स्टॅक्सचा ऑर्गनवादक बुकर टी. जोन्सने बुकरच्या घरी बसून ते पूर्ण केलं. 'बॉर्न अंडर अ बॅड साइन', 1967. पुढच्याच वर्षी एरिक क्लॅप्टनच्या क्रीम बँडने ते 'व्हील्स ऑफ फायर' या डबल अल्बमवर घेतलं आणि गाणं जगभर पोचलं. सिम्पसन्स या कार्टून मालिकेच्या 1990 च्या अल्बममध्ये होमर सिम्पसनच्या आवाजातसुद्धा आहे ते, गिटारवर बी. बी. किंग. मला हे सगळं फार मोठं वाटतं. एक सोल गायक एका ब्लूज गायकासाठी लिहितो, ते इंग्लंडच्या रॉकवाल्यांकडे जातं, मग कार्टूनमध्ये.

यात तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की बेलने ते गाणं स्वतःच्या गळ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. बेलचा आवाज मऊ, बॅलडचा, शब्दाच्या शेवटी हळूच सोडून देणारा. किंगचा आवाज जड आणि मोकळा, फार मुरक्या घेणारा नाही, ओळ म्हणायची आणि मग गिटारने उत्तर द्यायचं. म्हणून त्या गाण्यात ओळी छोट्या आहेत, सूर थोडे आहेत, आणि प्रत्येक ओळीनंतर गिटारला जागा सोडलेली आहे. हा दुसऱ्यासाठी लिहिण्याचा सगळा अभ्यास आहे. तू हे गाणं आणि बेलचं 'आय फरगॉट टू बी युअर लव्हर' एकामागून एक ऐक, दोन्ही त्याच दोघांची, बेल आणि बुकर टी. यांची, आणि एक वर्षाच्या अंतराने आलेली, पण श्वास कुठे घ्यायचा हेच पूर्ण वेगळं आहे.

स्मोकी रॉबिन्सनने डेट्रॉइटला मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीत हेच केलं. तो स्वतः मिरॅकल्स या ग्रुपचा मुख्य गायक, पातळ गोड उंच आवाज. 'माय गर्ल' त्याने मिरॅकल्सच्याच रॉनल्ड व्हाइटबरोबर टेम्प्टेशन्स या दुसऱ्या ग्रुपसाठी लिहिलं, आणि गायला निवडलं कोणाला तर डेव्हिड रफिनला, ज्याचा आवाज खरखरीत. गोड गाणं खरखरीत गळ्यात दिलं की ते कसं लागेल हे त्याने आधीच ऐकलेलं होतं मनात. 1965 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. स्मोकीने स्वतः गायलं असतं तर छानच झालं असतं, पण मला नाही वाटत की ते तसं काळजात घुसलं असतं. गाणारा जेव्हा दुसऱ्यासाठी लिहितो तेव्हा त्याला हा फायदा असतो, त्याला माहीत असतं की कुठल्या सुरावर गळा फाटतो, कुठे फुलतो, 'ई' वर उंच जाणं किती त्रासाचं आणि 'आ' वर किती सोपं. नुसत्या गीतकाराला हे शिकावं लागतं, तुला ते रियाझातून आलेलंच आहे.

उलटंही होतं. एडी फ्लॉइड आणि स्टीव्ह क्रॉपर या दोघांनी मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये बसून 'नॉक ऑन वुड' लिहिलं, ओटिससाठी म्हणून. पण एडीने ते स्वतः म्हटलं आणि 1966 मध्ये ते त्याच्याच आवाजात निघून हिट झालं, मग ओटिसने नंतर कार्ला थॉमसबरोबर ते गायलं. (हेच ते लॉरेन मोटेल जिथे दीड-दोन वर्षांनी मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली, आज तिथे म्युझियम आहे. त्या काळात गोऱ्या-काळ्या संगीतकारांना एकत्र बसायला मेम्फिसमध्ये फार जागा नव्हत्या, म्हणून तिथे बसायचे.) म्हणजे दुसऱ्यासाठी लिहिलेलं गाणं तुझ्याकडेच राहू शकतं, डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंग, जर तसा जीव ओतून गायलेला असेल तर.

आता तुझ्या भीतीकडे. "त्या गायिकेने गायलं की ते तिचंच होणार." हो, होणार. लोकांच्या कानात ते तिचं होणार आणि त्याचं वाईट वाटणार, हे मी लपवत नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण 'रिस्पेक्ट'. ओटिस रेडिंगने 1965 मध्ये लिहून गायलं, चांगलं चाललंही. 1967 च्या फेब्रुवारीत अरीथा फ्रँकलिनने ते न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलं, मूळ गाण्यात घरी दमून आलेला पुरुष बायकोकडे मान मागतोय, अरीथाने ते बाईच्या तोंडी घातलं, 'रिस्पेक्ट'ची अक्षरं सुटी करून म्हणायची जागा घातली, बहिणींचा कोरस घातला, आणि गाण्याचा अर्थच फिरवला. पॉप आणि आरअँडबी (काळ्या श्रोत्यांच्या संगीताचा) या दोन्ही चार्टवर पहिला नंबर. जूनमध्ये मॉन्टेरीच्या फेस्टिव्हलला ओटिस स्टेजवर हसत म्हणाला होता की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं.

पण पैशाचं बघ. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात फक्त लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. गायकाला एक पैसा नाही. आजही नाही, फक्त डिजिटल रेडिओवर 1995 च्या कायद्यानंतर गायकाला मिळायला लागलं. म्हणजे इतकी वर्षं 'रिस्पेक्ट' रेडिओवर वाजलं की पैसे ओटिसच्या, आणि तो गेल्यावर त्याच्या कुटुंबाच्या बाजूला गेले, अरीथाला रेडिओचे काही नाही, आणि तिने त्यात जे घातलं त्याबद्दल लेखक म्हणून तिचं नावही नाही, क्रेडिट एकट्या रेडिंगचं आहे. माझ्या मते हा अरीथावर अन्याय आहे आणि मी गायकांच्या बाजूने हे नेहमी बोलते. पण तुला निर्णय घ्यायचाय तर व्यवस्था कशी आहे हे माहीत हवं.

रेकॉर्ड विक्रीचंही गणित सांगते. 1909 च्या कायद्याने अमेरिकेत एका गाण्याच्या एका प्रतीमागे लेखनाचे 2 सेंट ठरले आणि ते 1977 संपेपर्यंत 2 सेंटच राहिले, महागाई कुठल्या कुठे गेली तरी. त्यातला साधारण निम्मा पब्लिशरचा. म्हणजे दोघांनी मिळून लिहिलेल्या गाण्याच्या 10 लाख प्रती विकल्या तर 20,000 डॉलर, त्यातले 10,000 पब्लिशरला आणि लेखकांना प्रत्येकी 5,000. फार नाही. म्हणून एका हिटवर कोणी श्रीमंत झालं नाही, पण एकच गाणं दहा जणांनी गायलं, वीस वर्षं रेडिओवर राहिलं, सिनेमात गेलं, की ते पेन्शनसारखं येत राहतं. गायनाचे पैसे गळा चालतोय आणि तू स्टेजवर आहेस तोवर, लेखनाचे तू झोपलेली असतानाही.

बॉबी वोमॅकचा किस्सा तुला आवडेल, तो स्वतः मुलाखतींमध्ये सांगायचा. तो आणि त्याचे भाऊ मिळून व्हॅलेंटिनोज हा ग्रुप, गायक सॅम कुकच्या रेकॉर्ड कंपनीत. 1964 मध्ये त्यांचं 'इट्स ऑल ओव्हर नाऊ' आलं, आणि ते नुसतं वर चढायला लागलं तोवर रोलिंग स्टोन्स अमेरिकेत आले, शिकागोच्या चेस स्टुडिओत त्यांनी तेच रेकॉर्ड केलं आणि ब्रिटनमध्ये ते त्यांचं पहिलंवहिलं नंबर एक झालं. वोमॅक भडकला होता, त्यांनी त्यांची त्यांची गाणी लिहावीत म्हणाला. सॅम कुकने समजावलं की थांब, हे तुझ्या भल्याचं आहे. काही महिन्यांनी रॉयल्टीचा चेक आला आणि त्यानंतर तो म्हणायचा की मिक जॅगरला माझं कुठलंही गाणं हवं असेल तर घेऊ दे. आणि वोमॅकची गायक म्हणून खरी मोठी वर्षं सगळी याच्या नंतरची आहेत, सत्तरचं दशक. गाणं गेल्याने गायक संपला नाही.

डॉन कोव्हेचं थोडं वेगळं. तोही गायक, 1964 मध्ये 'मर्सी मर्सी' त्याचं स्वतःचं चाललं, पण लोक त्याला ओळखतात ते अरीथाच्या 'चेन ऑफ फूल्स'मुळे, किंवा खरं म्हणजे त्यामुळेही ओळखत नाहीत. अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने त्याच्याकडे ओटिससाठी गाणी मागितली होती, पण हे गाणं ऐकल्यावर वेक्सलरने ते अरीथाला दिलं. जवळजवळ एकाच कॉर्डवर उभं असलेलं गाणं, सगळं गळ्यावर आणि तालावर. अरीथाला त्यासाठी ग्रॅमी मिळालं. कोव्हे ज्या गाण्यांत स्वतः गातो ती ऐकलीस तर कळेल तो किती कमाल गायक होता, आणि तरी मोठं नाव झालं नाही. त्याला 1992 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, 2015 मध्ये तो गेला. म्हणून मी तुला असं सांगणार नाही की लिहिलं की गायन आपोआप वर येतं. कोव्हेचं नाही आलं. बेलचं आलं, पण त्यासाठी त्याने एक गोष्ट सतत केली.

ती गोष्ट म्हणजे त्याने गाणं थांबवलं नाही आणि स्वतःसाठीची गाणी बाजूला ठेवत राहिला. 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' त्याने 1969 मध्ये स्वतःच्या अल्बमवर स्वतःच्या पद्धतीने गाऊन ठेवलं. 'प्रायव्हेट नंबर' ज्युडी क्लेबरोबर गायलं, ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेलं. 1975 च्या शेवटी स्टॅक्स दिवाळखोरीत गेली, अनेकांचं करिअर तिथेच अडकलं, बेल त्याच्या आधीच अटलांटाला जाऊन स्वतःचं बस्तान बसवायला लागला होता. 1977 मध्ये 'ट्राइंग टू लव्ह टू' हे त्याने सहलेखन केलेलं गाणं आरअँडबी चार्टवर पहिलं आलं आणि पॉपमध्ये पहिल्या दहात. सोळा वर्षांनी पहिला मोठा हिट, वय 37! नंतर त्याने विल्बी नावाची स्वतःची कंपनी काढली. आणि 2016 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या स्टॅक्सवर 'धिस इज व्हेअर आय लिव्ह' अल्बम, त्याला 2017 मध्ये ग्रॅमी, आयुष्यातलं पहिलं, 77 व्या वर्षी. त्या समारंभात तो स्टेजवर गिटारवादक गॅरी क्लार्क ज्युनियरबरोबर गायला ते गाणं कुठलं, तर पन्नास वर्षांपूर्वी अल्बर्ट किंगला दिलेलं तेच. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिलाय सांगता येणार नाही.

'आय फरगॉट टू बी युअर लव्हर'चा प्रवास तर मी वर्कशॉपमध्ये नेहमी सांगते. 1968 च्या शेवटी बेलने गायलं. मग 1977 मध्ये जमैकात प्रोड्यूसर ली पेरीने गायक जॉर्ज फेथकडून त्याचं रेगे करून घेतलं, नाव बदलून 'टू बी अ लव्हर'. 1986 मध्ये बिली आयडॉल, जो लंडनच्या पंकमधून आला, त्याने ते रॉक करून टाकलं आणि अमेरिकेत पहिल्या दहात नेलं. मग पुढच्या पिढीत जाहीम या गायकाने मूळ रेकॉर्डचा तुकडा घेऊन 'पुट दॅट वुमन फर्स्ट' केलं. ढंग बदलला, गायक बदलला, देश बदलला, नावसुद्धा बदललं, आणि प्रत्येक वेळी लेखकांमध्ये बेल आणि बुकर टी. आहेतच, कारण पहिल्या दिवशी कागदावर त्यांची नावं बरोबर लिहिली गेली होती.

सगळ्यांची लिहिली जात नव्हती. पन्नाशीच्या दशकात डीजेला खूश ठेवायला त्याचं नाव लेखक म्हणून घुसवायची पद्धत होती. चक बेरीच्या 'मेबेलीन'वर अ‍ॅलन फ्रीड या डीजेचं नाव घातलं होतं, ते निघायला 1986 उजाडलं. तीस वर्षं! आणि आयझॅक हेज बघ. डेव्हिड पोर्टरबरोबर त्याने सॅम अँड डेव्ह या गायक-जोडीसाठी 'होल्ड ऑन', 'सोल मॅन' अशी गाणी लिहिली, मग 1969 मध्ये 'हॉट बटर्ड सोल'पासून स्वतः प्रचंड मोठा गायक झाला, 'शाफ्ट'च्या गाण्याला ऑस्कर. म्हणजे लेखकाचा गायक होण्याचं याच्याहून मोठं उदाहरण नाही. पण 1976 मध्ये तो कर्जात बुडून दिवाळखोर झाला आणि त्यात आधी लिहिलेल्या गाण्यांची पुढची रॉयल्टी त्याच्या हातून गेली. गाणी वाजत राहिली, आणि पैसे त्याच्याकडे नाहीत. गाण्याच्या हक्कावर कर्ज काढू नको असं मी प्रत्येकाला सांगते ते यासाठी.

आता तुझ्या प्रोड्यूसरकडे ये. आपल्याकडे 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते. त्यानंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा घेण्याचा हक्क आहे आणि तो हक्क त्यांना विकता किंवा सोडून देता येत नाही, फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणजे अ‍ॅग्रीमेंटमध्ये कोणी "सर्व हक्क कायमचे" असं लिहून घेतलं तरी हा रॉयल्टीचा वाटा तुझाच राहतो. ही फार मोठी गोष्ट आहे, साठच्या दशकातल्या मेम्फिसच्या पोरांकडे हे संरक्षण नव्हतं. पण याला एक मोठी अट आहे, की लेखक म्हणून तुझं नाव असलं पाहिजे. नावच नसेल तर हक्क कोणाचा? म्हणून एकरकमी पैशाइतकाच मला दुसरा धोका दिसतो, तू पूर्ण निरोप इथे टाकलेला नाहीस पण असल्या ऑफरमध्ये बरेचदा "क्रेडिट नंतर बघू" किंवा "टीमचं नाव जाईल" असलं काहीतरी असतं. माझ्याबरोबर एका ठिकाणी हेच झालं, माझे शब्द, माझी चाल, आणि रिलीजच्या दिवशी वेगळंच नाव. नंतर भांडून काही हाती लागत नाही कारण सगळं तोंडी असतं.

म्हणून स्टुडिओतून बाहेर पडायच्या आधी एका कागदावर कोणी शब्द लिहिले, कोणी चाल केली, कोणाचा किती टक्के, हे लिहून सगळ्यांच्या सह्या. स्प्लिट शीट म्हणतात त्याला, साधा कागद असतो. प्रोड्यूसरने बीट केली असेल, कॉर्ड्स दिल्या असतील तर त्याचाही वाटा प्रामाणिकपणे लिही, बेलने बुकर टी. ला दिलाच की. जो अंतरा गायिका स्टुडिओत बदलेल त्याचं काय, हेही आधीच बोल, अरीथासारखं नको व्हायला. मग मुंबईच्या आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीची, मेंबरशिप घे, गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून, आणि गाणं तिथे नोंदव. गायिका म्हणून तुझी जी रेकॉर्डिंग्ज आहेत त्यासाठी गायकांची वेगळी संस्था आहे, आधी इसरा म्हणून सुरू झालेली, तिथेही जा.

एकरकमी पैसे घे, त्यात वाईट काही नाही, पण ते अ‍ॅडव्हान्स किंवा लेखनाची फी म्हणून घे, हक्काची किंमत म्हणून नाही, आणि तसं कागदावर यायला हवं. आणि एक वाक्य नक्की घालून घे की ठरावीक काळानंतर, सहा महिने म्हण, वर्ष म्हण, तुला हे गाणं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून काढता येईल, आणि लाईव्ह तर पहिल्या दिवसापासून गाता येईल. प्रोड्यूसर शहाणा असेल तर याला नाही म्हणत नाही, कारण तुझ्या व्हर्जनने त्याचंही गाणं जिवंत राहतं. यालाच तो फार आढेवेढे घेत असेल तर मला त्याच्या हेतूबद्दल शंका येईल. सही करायच्या आधी कॉपीराइट बघणाऱ्या वकिलाला दाखव, जागेचे व्यवहार करणाऱ्या ओळखीच्या वकिलाला नको, त्याला यातलं कळत नाही.

कुठली गाणी द्यायची आणि कुठली ठेवायची हे विचारशील तर माझा नियम असा आहे, की जे गाणं मी डोळे मिटून दुसऱ्या कोणाच्या आवाजात ऐकू शकते ते द्यायचं. जे मला माझ्याशिवाय ऐकूच येत नाही ते ठेवायचं, मग त्यासाठी कितीही पैसे मिळोत. तू पाठवलेल्या क्लिपमधलं गाणं मी ऐकलं. मला प्रामाणिकपणे वाटतं की ते देण्यासारखं आहे, मुखडा मोठ्या आवाजाचा आहे आणि तू तिथे थोडी ताणून गातेस. दुसरं जे संथ आहे, ज्यात तू जवळजवळ बोलल्यासारखं गातेस, ते कोणालाही ऐकवू नको अजून, ते तुझ्या पहिल्या रेकॉर्डवर यायला हवं.

डेमोचं शेवटचं. आत्ता तू तो तुझ्या पट्टीत केलायस. त्या गायिकेची चार लाईव्ह गाणी ऐक, ती वरच्या सप्तकात कुठपर्यंत मोकळी जाते ते बघ, आणि त्या पट्टीत नवीन स्क्रॅच (कच्चं रेकॉर्डिंग) करून पाठव, तुझ्या मुरक्या कमी करून, सरळ. तिला तिच्या जागा घ्यायला वाव दे. सोबत तुझ्या पट्टीतला, तुझ्या ढंगातला डेमोही तारखेसकट ईमेलने स्वतःला आणि प्रोड्यूसरला पाठवून ठेव, वेळ आली तर ते गाणं कोणाकडून निघालं याचा पुरावा राहील. आणि आयपीआरएसचा फॉर्म रिलीजनंतर नाही, आधी भर, लोक तिथेच आळस करतात.